कडुलिंबाखालचं वेटोळं

या लेखाबरोबर माझा जो फोटो छापलाय, त्यातली मिशी ही माझी दुसरी मिशी. पहिली अक्कलकोटकडच्या एका माळावर, भर दुपारी, नऊ माणसांच्या साक्षीनं गेली. तीच हकिगत सांगायची आहे. पण एकदम तिथं जाऊन उपयोग नाही. आधी माझा धंदा कळला पाहिजे, नाहीतर मिशी उगाच गेल्यासारखी वाटेल.

अंकाच्या संपादकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "अण्णा, कामाचे अनुभव लिहा. पण खरं लिहा हं." शेवटचं वाक्य त्यांनी ज्या सुरात म्हटलं, त्यावरून माझी कीर्ती जुळे सोलापूर ओलांडून बरीच पुढं गेल्याचं माझ्या लक्षात आलं. आमच्या सोसायटीत तर बायकोनं नियमच घालून दिलाय: आमच्या ह्यांच्या तोंडून आकडा आला की निम्मा करून घ्यायचा. वाचकांनीही खुशाल तसंच करावं, माझी हरकत नाही. फक्त या लेखात एक आकडा असा आहे, की तो निम्माही करायचा नाही आणि दुप्पटही करायचा नाही. तो आला की तुम्हाला कळेल.

तर धंदा. मी काच जोडायचो. खिडकीची नाही, केसाएवढी बारीक काच. लोकांना वाटतं पवनचक्कीतून फक्त वीज येते. विजेबरोबर बातमीही यावी लागते. वारा किती आहे, पातं किती वळलंय, वर पंख्यामागच्या डबीत गरम किती झालंय, पंखा फिरतोय की रुसलाय, हे सगळं पाच-सात किलोमीटरवरच्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या इंजिनिअरला क्षणाक्षणाला दिसायला लागतं. ही बातमी जमिनीखालून जाते. विजेच्या जाड केबलशेजारी एक काळी नळी, नळीत बोटाएवढी केबल, आणि केबलच्या पोटात रंगीत काचेचे बारा धागे. त्या धाग्यांतून उजेड पळतो, आणि उजेडाच्या पाठीवर बातमी. कुठं धागा तुटला की पंखा फिरत असला तरी कंपनीच्या लेखी मेला. मग मला फोन.

हा धंदा मला वडिलांकडून आला असं मी म्हणतो, तेव्हा लोक निम्म्यानं नाही, चौपटीनं भागतात. पण ते खरं आहे. आम्ही सोलापूरचे तेलुगू विणकर. माझा बाप, आम्ही त्याला नायना म्हणायचो, चादरीच्या कारखान्यात ताण्याचे तुटलेले धागे जोडायचा. माग थांबला की नायनाला हाक. त्याची बोटं हजार धाग्यांतून तुटलेला एक शोधून, चिमटीत धरून, डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारायची. मी काचेच्या कामाला लागलो तेव्हा त्याला एकदा मुद्दाम माळावर घेऊन गेलो. जीपमध्ये बसवलं. धागा सोलला, स्पिरिटनं पुसला, टोक सरळ कापलं, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली, बटण दाबलं. ठिणगी उडाली, काच वितळली, धागा एक झाला. नायनानं तो उजेडाकडे धरला, बोटावरून फिरवला आणि तेलुगूत विचारलं, "मुडि एक्कड रा?" गाठ कुठं आहे रे?

म्हटलं, "गाठ नसतेच. गाठ दिसली तर काम वाईट."

नायनानं धागा परत एकदा बोटावरून फिरवला. मग म्हणाला, "आमचा मालक पण हेच म्हणायचा. आम्हाला कधी जमलं नाही." बापानं केलेली एवढी एकच स्तुती माझ्या वाट्याला आली. ती मी आजपर्यंत पुरवून वापरतोय.

या कामाचा शत्रू एकच, वारा. कंपनी जगते वाऱ्यावर आणि मी मरतो वाऱ्यानं. धुळीचा एक कण टोकावर बसला की सांधा वाया. म्हणून जीपच्या काचा बंद करून आत बसायचं, सोलापूरच्या एप्रिलात, पंखा न लावता. पाचशे फुटी पंख्याच्या सावलीत मी पंख्याविना उकडून निघायचो. एकदा जीप नव्हती म्हणून बायकोची छत्री आडोशाला लावली. वाऱ्यानं ती उचलली ती थेट दिसेनाशी झाली. तीन महिन्यांनी सीमेपलीकडच्या एका गावातला माणूस ती घेऊन आला. दोन काड्या नव्या घातल्या होत्या. (हे निम्मं करा. काडी एकच होती.)

चोरांचंही सांगायला पाहिजे. सुरुवातीच्या काळात एकानं तांब्याची समजून तीस मीटर केबल कापून नेली. तिसऱ्या दिवशी तोच माणूस केबल खांद्यावर टाकून माझ्या जीपपुढं उभा.

"ह्यात तांबं कुटं हाय वो?"

"नाही. आत काच आहे."

"काच? भंगारवाल्यानं चार लोकांत हसं केलं की माजं! राच्चं उटून खांदलंय म्या, हाताला फोड आल्यात. बगा!"

फोड खरेच मोठे होते. मी त्याला चहा पाजला. जाताना तो मलाच झापून गेला, "पाटी लावायची न्हाय व्हय, आत काच हाय म्हून? दुसऱ्याचा टाइम कशाला घालिवता?" त्याचं म्हणणं मला पटलं. मी रंगाऱ्याकडून पाट्या करून घेतल्या: 'आत काच आहे. तांबे नाही.' त्या दिवसापासून त्या माळावर एक वीत केबल चोरीला गेलेली नाही.

आता दोन गोष्टी समजून घ्या, म्हणजे मिशीपर्यंत पोचलोच.

पहिली गोष्ट, धागा जमिनीखाली तुटला तर शोधायचा कसा? त्याला एक मशीन असतं. नाव लांबलचक आहे, आम्ही सगळे ओटीडीआर म्हणतो. शाळेच्या सहलीत गोल घुमटात जाऊन तुम्ही ओरडला असालच. आवाज भिंतीला आपटून परत येतो. हे मशीन तसंच धाग्यात उजेडाची हाक मारतं. धागा जिथं तुटला तिथून हाक परत येते, आणि यायला लागलेल्या वेळावरून मशीन सांगतं, इतक्या मीटरवर तुटलंय. मी चारचौघांत नेहमी म्हणायचो, "माणूस खोटं बोलेल, माझी मशीन बोलणार नाही. एक फूट इकडं-तिकडं झालं तर नाव बदलीन." नाव काय, मिशी काय, पैजेवर लावायला माझ्याकडे कायम काहीतरी असायचं.

दुसरी गोष्ट, लूप. केबल टाकताना ठिकठिकाणी खड्डा करून त्यात दहा-दहा मीटर जादा केबल गोल वेटोळं करून ठेवायची. पुढंमागं तुटली तर ओढून घ्यायला कामी येते. आणि प्रत्येक लूप नकाशावर लिहायचा. कारण मशीन मोजतं केबलची लांबी, जमिनीची नाही. वाटेतली वेटोळी वजा केली तरच बरोबर जागा सापडते.

अक्कलकोटकडच्या त्या माळावर आम्ही केबल टाकली, तेव्हा कामावर भोसले साहेब म्हणून इंजिनिअर होते. नीटनेटका माणूस, बुटावर धूळ बसू द्यायचे नाहीत. केबल किती मागवायची यावर आमचं वाजलं. ते म्हणाले, "अण्णा, तुम्ही जास्त सांगताय. शंभरेक मीटर उरेल." म्हटलं, "साहेब, तीस वर्षांचा अंदाज आहे. लूप सोडून एक मीटर जरी उरली ना, तर इथंच मिशी काढीन." सगळे हसले. माझी मिशी तेव्हा बघण्यासारखी होती. मोटरसायकलवरून जाताना दोन्ही टोकं मागं उडायची.

माळाला गोल फेरी घालून शेवटच्या खड्ड्याशी पोचलो. दहा मीटरचा लूप ठेवून बाकी केबल शून्य व्हायला पाहिजे होती. ड्रमवर अजून नव्वद मीटर होती.

तो खड्डा होता वॉचमनच्या खोलीशेजारच्या कडुलिंबाखाली. वॉचमन मल्लिनाथ, सगळे मल्लप्पा म्हणायचे. त्याच गावचा. पंख्यांच्या रस्त्यासाठी त्यानं आपल्या रानातली पट्टी दिली होती आणि बदल्यात कंपनीनं वॉचमनची नोकरी. खाकी कपडे आणि गळ्यात लाल दोरीची शिट्टी. ती शिट्टी तो रोज कपड्यानं पुसायचा. गावात कुणाकडं ट्रॅक्टर होता, कुणाकडं बोअर होतं. शिट्टी एकट्या मल्लप्पाकडं होती.

मी म्हटलं, "मल्लप्पा, खड्डा जरा मोठा करायचा."

"किती मोटा, अण्णा?"

"म्हैस बसेल एवढा."

आम्ही दोघांनी दुपारभर खड्डा खणला. शंभर मीटर केबलचं वेटोळं हातानं घालणं म्हणजे अजगराला टोपलीत बसवणं. मल्लप्पा एकेक फेर मोजत होता, मी त्यावर पाय देत होतो. माती लोटली, वरून गवत टाकलं. नकाशावर लिहिलं: 'लूप, दहा मीटर.'

"ह्ये कुणाला सांगायचं नाही," मी म्हटलं.

"का वो?"

"मिशीचा प्रश्न आहे."

मल्लप्पानं माझ्या मिशीकडं आदरानं बघितलं. "न्हाय सांगणार. सिद्धरामाची आण."

सहा-सात वर्षं गेली. भोसले साहेब तिथंच साइट मॅनेजर झाले. मिशी शाबूत होती.

मग तो जानेवारी. माळावर मालदांडी ज्वारी कणसाला आलेली. साहेबांनीच विषय काढला, "मल्लप्पा, यंदा हुरडा नाही का?" झालं. रविवारी मल्लप्पानं आपल्या ज्वारीत आगटी पेटवली. आगटी म्हणजे वीतभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, त्यावर कणसं. साहेबांना ऊन लागू नये म्हणून पहारीनं चार खांब रोवून मांडवही घातला. मल्लप्पा कणसं चोळून ताटात हुरडा टाकत होता, शेंगदाण्याची चटणी होती, दही होतं. मी शंभर कणसं खाल्ली. साहेबांनी माझ्यापेक्षा जास्त. जाताना म्हणाले, "मल्लप्पा, असा हुरडा उभ्या जिल्ह्यात नाही."

मंगळवारी सकाळी दहा वाजता मल्लप्पानं मांडवाचे खांब उपटले. सव्वादहाला मला कंट्रोल रूममधून इंजिनिअर प्राजक्ताचा फोन.

"अण्णा, सात पंखे गेले. एकदम."

"दुसऱ्या बाजूनं बातमी घे की." कारण केबल गोल फिरवलेली असते, एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं बातमी येते.

"दुसरी बाजू आठ दिवस बंद आहे. बारा नंबरच्या पंख्याची दुरुस्ती नाही का चाललीय? त्याचीच क्रेन आज आलीय. या लवकर, साहेबांना वरून फोन वर फोन येताहेत."

मी पोचलो, मशीन लावलं, हाक मारली. उत्तर आलं, दोन हजार एकशे चाळीस मीटर. नकाशा काढला, वाटेतले लूप वजा केले आणि मोजायचं चाक ढकलत निघालो. मागं भोसले साहेब, त्यांच्या मागं सहा-सात माणसं. कडुलिंब गेला, रस्त्याखालची मोरी गेली, बांध ओलांडला, आणि आकडा संपला तो मल्लप्पाच्या ज्वारीत, आगटीच्या राखेपासून चार पावलांवर, मांडवाच्या खांबाच्या भोकाशी. अगदी भोकाशी!

साहेबांनी भोकात काठी घातली. काठी दोन-अडीच फूट आत गेली.

"मल्लप्पा, पहार मारलीस ना इथं?"

"व्हय साहेब. तुमास्नी सावली—"

"खाली केबल आहे माहीत नव्हतं? वॉचमन कशाला ठेवलाय तुला?"

मी म्हटलं, "साहेब, केबल चार फुटावर आहे."

"कागदावर," साहेब म्हणाले. "मुरूम लागला तिथं तुम्ही किती खोदलं ते मला माहीत आहे अण्णा, मीच होतो तेव्हा. तुमची मशीन काय म्हणते ते सांगा. खोटं बोलते का?"

मशीन खोटं बोलत नाही, हे मीच शंभर वेळा सांगितलेलं.

साहेबांच्या डोक्यावर वरच्यांचा ताप होता, हे मला दिसत होतं. रिपोर्टमध्ये कुणाचं तरी नाव जायला पाहिजे होतं, आणि समोर नाव उभं होतं, खाकी कपड्यांत. त्यांनी दोन हुकूम सोडले. एक, खोदायचं मशीन बोलवा, ज्वारीतून तीस मीटर उघडा. दोन, मल्लप्पानं कपडे आणि शिट्टी ऑफिसात जमा करावी.

मल्लप्पानं गळ्यातली शिट्टी काढली, सवयीनं बाहीला पुसली आणि हातात धरून उभा राहिला. पाच हातांवर त्याची ज्वारी उभी होती, काढणीला आलेली.

खोदायचं मशीन यायला अर्धा तास होता. मी कडुलिंबाखाली येऊन बसलो. थोड्या वेळानं मल्लप्पा आला. हातात चहा. नोकरी गेलेली, पीक जाणार, आणि हा माणूस मला कानडीत विचारतो, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का.

मी चहा घेतला. म्हटलं, "मल्लप्पा, नीट आठव. या वाटेवर कुणी काही खोदलंय? काही पुरलंय?"

"न्हाय अण्णा. म्या रोज फिरतो की." मग इकडं-तिकडं बघून, आवाज उतरवून म्हणाला, "त्ये तुमचं येटोळं सोडून. त्ये म्या कुणास्नी सांगितलं न्हाय. आज बी न्हाय सांगितलं."

मी बसलो होतो त्या जागेकडं बघितलं. माती थोडी खचून जमिनीवर गोल उमटला होता, म्हैस बसेल एवढा. मी बरोबर त्याच्या मधोमध बसून चहा पीत होतो.

तुम्हाला हिशेब कळला असेल. मला कळायला दोन घोट लागले. कागदावर दहा, जमिनीत शंभर. मशीननं नव्वद मीटर जादा केबल मोजली होती, आणि मी ती वजाच केली नव्हती. म्हणजे केबल ज्वारीत तुटलीच नव्हती. नव्वद मीटर मागं तुटली होती. मी मान वळवून रस्त्याकडं बघितलं. बांधाच्या अलीकडं, नव्वद मीटर मागं, मोरी होती. क्रेन जावी म्हणून सोमवारी कंपनीच्याच माणसांनी ती मोरी खोदून नवे दगड भरले होते. आणि आज सकाळी, मल्लप्पा खांब उपटत असताना, ती क्रेन त्या मोरीवरून गेली होती.

आता इथं मला वाचकांना सांगायला आवडलं असतं, की मी ताडकन उठलो आणि छाती ठोकून सगळं कबूल केलं. संपादकांनी खरं लिहायला सांगितलंय. मी उठलो, साहेबांकडं गेलो आणि म्हणालो, "साहेब, मशीनचा भरवसा नाही. उन्हानं चुकत असेल. एकदा मोरी उघडून बघू."

जानेवारीत उन्हानं! साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "दुसऱ्या धाग्यावर मारा."

मारली. दोन हजार एकशे चाळीस.

"तिसऱ्या."

दोन हजार एकशे चाळीस. बाराच्या बारा धागे एकच आकडा ओरडत होते. माझ्या आयुष्यात मशीननं इतकं खरं बोललेलं मला कधी नडलं नव्हतं. तेवढ्यात खोदायचं मशीन आलं आणि बांधाला भिडलं. त्याच्या बकेटचे दात ज्वारीच्या पहिल्या ओळीवर आले. मल्लप्पा शिट्टी मुठीत घट्ट धरून बघत होता. सिद्धरामाची आण घेतलेला माणूस, माझ्या मिशीसाठी गप्प.

"थांबव!" मी ओरडलो. माझा आवाज मोठा आहे, थेट अक्कलकोटात ऐकू गेला असेल. "साहेब, मशीन बरोबर आहे. कागद चुकलाय. कडुलिंबाखाली लूप दहा मीटरचा नाही. शंभरचा आहे."

"कुणी सांगितलं?"

"मीच पुरलाय. मीच दहा लिहिलं. नव्वद मीटर उरली होती."

साहेबांची नजर हळूहळू माझ्या मिशीवर येऊन थांबली. मग ते वळले, नव्वद मीटर मागं बघितलं, आणि त्यांचाही चेहरा बदलला. कारण सोमवारी मोरी खोदताना तिथं उभे राहून "अजून एक बकेट काढ" म्हणणारे स्वतः साहेबच होते.

मोरी उघडली. तीन फुटांवर एक धारदार दगड निघाला, त्याखाली आमची काळी नळी, पापडासारखी चपटी. आत बाराही धागे तुटलेले. साहेब खाली वाकले, नळीला हात लावला. पहिल्यांदा त्यांच्या बुटाला धूळ लागली.

वारा सुटला होता आणि जीप लांब होती. मल्लप्पानं खोलीतून चादर आणली, सोलापुरी, जाड, आणि वाऱ्याच्या बाजूला दोन हात पसरून उभा राहिला. त्याच्या आडोशाला, कडुलिंबाखालच्या त्याच वेटोळ्यातून ओढून घेतलेली केबल मी जोडली. ती नव्वद मीटर अखेर कामी आली, हे मी त्या वेळी मोठ्यानं बोललो नाही. बारा धागे, बारा ठिणग्या. डोळ्यांसमोर चादरीचं विणकाम होतं. बापाची फार आठवण आली.

प्राजक्ताचा फोन आला. "अण्णा, सातही आले! काय केलंत?"

"सांगतो नंतर. जरा कामात आहे."

साहेबांनी खिशातला कागद काढला, मल्लप्पाच्या नावाचा रिपोर्ट. चार तुकडे करून पुन्हा खिशातच ठेवले. नीटनेटका माणूस, माळावर कचरा करणार नाही. मल्लप्पासमोर गेले आणि म्हणाले, "चूक झाली माझी. घाल ती गळ्यात." मल्लप्पानं शिट्टी घातली आणि एकदा हळूच वाजवून बघितली. चालत होती.

मग साहेब माझ्याकडं वळले. "अण्णा, नकाशा तुम्ही लाल पेननं दुरुस्त करा. आणि दुसरं एक काम राहिलंय. सहा-सात वर्षं झाली त्याला."

वस्तरा मल्लप्पाचाच. वेटोळ्यावर खाट टाकली, नऊ माणसं गोल उभी. साबणाचा फेस लावताना मल्लप्पा म्हणाला, "हालू नगा, अण्णा." मी हाललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी इतका वेळ न हालता, न बोलता बसलो. संध्याकाळी घरी गेलो तर बायकोनं दार उघडलं आणि म्हणाली, "अण्णा घरी नाहीत."

लोकांना मिशीचं हसू येतं. मलाही येतं. पण एक गोष्ट टोचते, बोटात काच राहावी तशी. जन्मभर मी आकडे फुगवून सांगितले. एका काडीच्या दोन केल्या, छत्री सीमेपलीकडं पाठवली, त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. आयुष्यात एकदाच आकडा कमी करून लिहिला, आणि त्यात एका भल्या माणसाची शिट्टी जाता जाता राहिली. त्या आठवड्यात घरी बसून मी टाकलेल्या सगळ्या केबलचे नकाशे काढले आणि लाल पेन घेतलं. अजून कुठं कुठं काय काय सापडलं ते विचारू नका. दुरुस्त केलं, एवढं सांगतो.

आता मी निवृत्त आहे. तरी दर जानेवारीत मल्लप्पाचा फोन येतो, "अण्णा, आगटी पेटिवलीय, येताय न्हवं?" नवीन इंजिनिअर मंडळी असतात, प्राजक्ता असते, भोसले साहेबही बदली होऊन गेलेत तरी येतात. मांडव आता केबलच्या वाटेपासून लांब घालतात. निखारा फुलला की कुणीतरी म्हणतं, अण्णा, ती मिशीची गोष्ट सांगा. मी सुरू करतो. म्हशीएवढा खड्डा आता हत्तीएवढा झालाय. नऊ साक्षीदारांचे पन्नास झालेत, साहेब तेवढे खोकतात. मग मी दोन्ही हात पसरून सांगतो, "आणि त्या कडुलिंबाखाली, पोरांनो, जमिनीत किती केबल असेल? दोनशे मीटर! तीनशे—"

आगटीच्या पलीकडं मल्लप्पा कणीस चोळत असतो. मान वर न करता, फुंकर मारून कोंडा उडवत म्हणतो, "शंभर."

मी हात खाली घेतो, आणि गोष्ट शंभरावरून पुढं सांगतो.